शह, चेक आणि मधला राजा

मेल चेक केला का, गॅस बंद आहे का ते जरा चेक कर, बीपी चेक करून घे, बॅग चेक-इन झाली, चेक वटला नाही, तो चेक्सचा शर्ट नको दुसरा घाल, आणि हो, स्वतःच्या जिभेवर जरा चेक ठेव. एखादा शब्द किती कामं करतो बघा. याला मराठीत पर्याय नाहीत असं अजिबात नाही, तपासणं आहे, पडताळणं आहे, साधं 'बघणं' तर आहेच, आणि धनादेश नावाचा एक भारदस्त शब्दही आहे जो छापील अर्जाबाहेर फारसा पडत नाही. पण तोंडात येतो तो चेकच.

ऐकताना वाटतं की हे चार-पाच वेगवेगळे शब्द असणार, उच्चार तेवढा योगायोगाने सारखा. कारण बँकेच्या कागदाचा शर्टावरच्या चौकड्यांशी काय संबंध, आणि चौकड्यांचा बीपीशी काय संबंध? पण हे सगळे एकाच घरातले आहेत, आणि त्या घराचा मूळ पुरुष म्हणजे इराणचा राजा. शाह.

माझा भाचा मोबाइलवर बुद्धिबळ शिकलाय, त्यामुळे त्याच्या तोंडी सगळी इंग्रजी नावं आहेत, बिशप काय, रूक काय. खेळताना तो 'मामा, चेक!' असं ओरडतो आणि मी सवयीने 'शह म्हण रे' म्हणून त्याला टोकतो. खरं तर टोकायचं काही कारण नाही. आम्ही दोघं एकच शब्द म्हणत असतो. माझ्याकडे तो फारसीतून सरळ आला, त्याच्याकडे अरबस्तान, इटली, फ्रान्स, इंग्लंड अशी सगळी वळणं घेत घेत आला, आणि मग दोघांची गाठ पटावर पडली. मराठीत असे दोनदा आलेले शब्द आणखीही सापडतील, पण इतका लांबचा फेरा मारून परत त्याच पटावर, त्याच राजासमोर येऊन बसलेला दुसरा मला तरी माहीत नाही.

आता मुळापासून. इराणात बेहिस्तून नावाच्या जागी एका कड्यावर सम्राट दारियसचा प्रचंड कोरीव लेख आहे, इसवीसनपूर्व ५२० च्या आसपासचा, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. त्याची सुरुवात होते ती साधारण अशी: 'अदम दारयवउश, क्षायथिय वज़्रक, क्षायथिय क्षायथियानाम'. मी दारियस, थोर राजा, राजांचा राजा. हे वाचताना संस्कृतची जराशी ओळख असलेल्या माणसाचेही कान टवकारतात, कारण 'अदम' म्हणजे आपलं 'अहम्', आणि 'क्षायथियानाम' मधलं 'आनाम' म्हणजे 'देवानाम्, नराणाम्' मधलंच षष्ठीचं शेपूट. जुनी फारसी आणि संस्कृत या तशा सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी. हा जो 'क्षायथिय' आहे तो शतकानुशतकं तोंडात घोळून घोळून झिजला आणि त्याचा झाला 'शाह'. 'राजांचा राजा' झाला शाहानशाह, म्हणजेच शहेनशाह. आणि त्यातला 'वज़्रक', म्हणजे थोर, मोठा, तो पुढे झाला 'बुज़ुर्ग'. गावांच्या नावापुढे आपण जे 'बुद्रुक' लावतो ना, अमुक खुर्द आणि अमुक बुद्रुक, ते या बुज़ुर्गचंच मराठी रूप. म्हणजे एसटीच्या पाटीवरचं 'बुद्रुक' हे दारियसच्या बिरुदावलीतलं विशेषण आहे, हे कळल्यापासून मला प्रत्येक बुद्रुक गावाबद्दल उगाच आदर वाटायला लागलाय.

क्षायथियचं मूळ म्हणजे राज्य करणं, सत्ता चालवणं. आपलं 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय' त्याच कुळातलं. इराणी भाषेत या 'क्षत्र'चं जे रूप होतं ते झिजून झालं 'शह्र', आधी अर्थ होता राज्य, मग तो आक्रसून फक्त नगर एवढाच उरला, आणि ते आपलं 'शहर'. म्हणजे शह आणि शहर हे पण भाऊबंद. राज्याचं रक्षण करणारा तो क्षत्रप, ग्रीकांनी त्याचा सत्रप केला, आपल्याकडे शिलालेखांत क्षत्रप आले आणि आता वर्तमानपत्रवाल्यांनी ते 'प्रादेशिक क्षत्रप' म्हणून जिवंत ठेवलेत, निवडणुका आल्या की हमखास भेटतात.

पण राजाचा 'शह' कसा झाला, तर त्यासाठी पट मांडायला हवा.

खेळ आपला, त्याबद्दल फारसा वाद नाही. नाव चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगं, हत्ती, घोडे, रथ, पायदळ. सातव्या शतकात बाणभट्ट हर्षाच्या राज्याचं कौतुक करताना एक मस्त श्लेष करून जातो: या राज्यात 'चतुरंग' मांडलं जातं ते फक्त अष्टापदावर, म्हणजे आठ आठ घरांच्या पटावर. मतितार्थ असा की खरी लढाई कुठे होतच नाही. राजाची स्तुती आहे त्यामुळे खरंखोटं सोडा, पण वाचणाऱ्याला चतुरंग आणि अष्टापद हे चटकन कळणार, तेवढा तो खेळ ओळखीचा आहे, हे बाणाने गृहीत धरलंय.

तिथून हा खेळ इराणात गेला, चतुरंगचं चतरंग झालं. मग अरब आले. अरबीत ना 'च' ना 'ग', म्हणून चतरंगचं झालं शतरंज. आणि तो शतरंज नंतर फारसीच्या पालखीत बसून आपल्याकडे परत आला, म्हणजे माहेरचाच शब्द सासरचं नाव लावून परत. (मराठीने मात्र खेळाला बुद्धिबळ म्हटलं आणि ते टिकवलं. वेल्श भाषेतलं बुद्धिबळाचं नाव आहे 'गुइद्बुइख', त्यात 'गुइद' म्हणजे लाकूड आणि 'पुइख' म्हणजे अक्कल, लाकडी अक्कल म्हणा हवं तर. जगात इतर बहुतेकांनी एक तर चतुरंग उचलला नाहीतर राजा उचलला, आपण आणि वेल्श लोकांनी डोकं उचललं.)

इराणात खेळताना राजावर चाल आली की समोरच्याला सावध करायचं, 'शाह!' म्हणायचं. म्हणजे 'अरे राजा बघ तुझा'. एवढंच. त्या एका हाकेतून पुढचं सगळं रामायण घडलंय. कारण खेळाच्या बाजूला उभं राहून बघणाऱ्या परक्या माणसाला काय ऐकू येतं? पटाचं नाव काय, सोंगट्यांची नावं काय, ते त्याला कुणी समजावून सांगणार तेव्हा कळणार, पण मध्येच कुणीतरी जोरात 'शाह!' म्हणतं ते मात्र न सांगता कानात शिरतं. मला वाटतं म्हणूनच अर्ध्या युरोपने खेळाचं नावच ते ठेवलं. लॅटिन वळणात शाहच्या शेवटच्या 'ह'ला थारा नव्हता, त्याचा 'क' झाला, अनेकवचन 'स्काकी'. इटालियनमध्ये स्काक्की, जर्मनमध्ये शाख, जुन्या फ्रेंचमध्ये एकवचन 'एशेक' आणि अनेकवचन 'एशेस'. इंग्रजांनी दोन्ही उचलली. एशेकचं झालं चेक, एशेसचं झालं चेस. म्हणजे चेस हे चक्क चेकचं अनेकवचन आहे! 'चला, चेस खेळू' म्हणजे 'चला, शहा-शहा खेळू' किंवा 'चला, राजे-राजे खेळू'. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांकडे अरब शेकडो वर्षं राहिले, त्यामुळे त्यांनी राजा न घेता पट घेतला, शतरंजला अरबी 'अल' चिकटून स्पॅनिशमध्ये आखेद्रेस, पोर्तुगीजमध्ये शाद्रेस. मलय भाषेत तर नुसतं 'चातुर' राहिलं, ते थेट आपल्याकडून गेलेलं, मध्ये कुणी दलाल नाही. रशियन लोकांनी कंजूषपणा केला नाही, त्यांनी शह आणि मात दोन्ही ठेवले, त्यांचा खेळच 'शाखमाती'.

मातबद्दल एक सांगायलाच हवं कारण जिथे तिथे हे चुकीचं वाचायला मिळतं. 'शाह मात' म्हणजे अरबीत 'राजा मेला', असं सांगतात. अरबीत 'मात' म्हणजे मेला हे खरंच आहे, त्यामुळे अर्थ चपखल बसतो. पण खेळ इराणातून गेला आणि फारसीत 'मात' म्हणजे हतबल, चकित, पुढे काय करावं ते न सुचलेला. आणि जरा विचार करा, बुद्धिबळात राजा मरतो कुठे? प्यादी मरतात, घोडे मरतात, वजीर सुद्धा मरतो, राजाला कुणी पटावरून उचलत नाही. तो फक्त अडकतो. सगळ्या वाटा बंद, आणि डाव तिथेच संपतो. मला हा फारसी अर्थ कितीतरी जास्त खरा वाटतो. आणि मराठीने तो बरोबर पकडलाय, आपण 'परिस्थितीवर मात केली' म्हणतो तेव्हा परिस्थिती मेलेली नसते, तिला फक्त कोपऱ्यात कोंडलेलं असतं.

शाहवरून आठवलं. एकाच चालीत राजा आणि रुख, म्हणजे आपल्या कोपऱ्यातला हत्ती, दोन्ही कचाट्यात सापडले तर त्या चालीला 'शाह-रुख' म्हणायचे. तैमूरलंग बुद्धिबळाचा भयंकर शौकीन. सांगतात की तो असाच खेळत बसलेला असताना, नेमकी ही चाल पटावर असताना, मुलगा झाल्याची बातमी आली आणि त्याने पोराचं नाव ठेवलं शाहरुख. हे पोर १३७७ चं. रुख म्हणजे चेहरा असाही अर्थ होतो, त्यामुळे 'राजबिंडा' असाही अर्थ लागतो, पण बुद्धिबळाची गोष्ट जास्त मजेदार आहे आणि मी तीच मानणार. ते नाव ऐकल्यावर आपल्या डोळ्यासमोर तैमूरचा मुलगा येत नाही हा भाग वेगळा.

सोंगट्यांच्या नावांचा गोंधळ हा एक वेगळाच लेख होईल, दोनच सांगतो. आपण ज्याला उंट म्हणतो तिथे मुळात हत्ती होता, फारसी पील, अरबीत 'प' नाही म्हणून फील, 'अल' लागून अल-फील. स्पेनमध्ये ते अल्फील असंच राहिलं, इटालियनांनी ओळखीचा आवाज शोधून 'अल्फिएरे' म्हणजे निशाणधारी केला, फ्रेंचांनी विदूषक, जर्मनांनी धावपटू, इंग्रजांनी बिशप. रशियन मात्र अजून हत्तीच म्हणतात. आपण कोपऱ्यातल्या रथाच्या जागी हत्ती नेला आणि हत्तीच्या जागी उंट आणला. आणि दुसरं म्हणजे वजीर. युरोपात तो राणी झाला, आणि तेही बऱ्याच लवकर, स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्न मठातल्या सन १००० च्या आसपासच्या एका लॅटिन कवितेत ही राणी सापडते. पण तेव्हा ती बिचारी तिरपं एकच घर चालायची. पंधराव्या शतकाच्या शेवटी तिकडे तिला आजची मोकाट चाल मिळाली. आपण वजीर म्हणतो, पण चालवतो मात्र त्या राणीसारखा.

आता चेककडे. इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते.

फ्रेंचमध्ये एशेक, म्हणजे शह, आणि ज्यावर तो खेळतात त्या पटाला 'एशेकिए'. बाराव्या शतकात इंग्लंडचा राजदरबार हीच भाषा बोलत होता. तिथे सरकारी वसुलीचा हिशेब करायला एक टेबल होतं. दुसऱ्या हेन्रीच्या काळात रिचर्ड फिट्झनील नावाचा खजिनदार होता, त्याने ११७७ च्या सुमाराला या कचेरीचं कामकाज कसं चालतं ते गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात लिहायला घेतलं, आणि त्यात त्या टेबलाचं असं वर्णन दिलंय की सुताराला दाखवलं तर तो आजही बनवून देईल. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, भोवती चार बोटं उंचीची कड, का तर वर ठेवलेलं काही घरंगळून खाली पडू नये. त्यावर अंथरायचं कापड दरवर्षी ईस्टरच्या सत्रात नवीन घ्यायचं, आणि ते साधं कापड नाही, काळं, त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा. या रेघांमुळे जे रकाने पडतात त्यात पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड, हजार पौंड असे वेगवेगळे रकाने, आणि त्यात मोहरे ठेवत, सरकवत हिशेब करायचा. हे सगळं का करायचं, तर रोमन आकड्यांत मोठी बेरीज-वजाबाकी कागदावर करून बघा एकदा म्हणजे कळेल. शून्य त्यांच्यापर्यंत अजून रुळलेलं नव्हतं. रिकामा रकाना हेच त्यांचं शून्य.

तर त्या ग्रंथात शिष्य विचारतो, या जागेला एशेकिए का म्हणतात? गुरू म्हणतो, बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून, याहून खरं कारण मला तरी सुचत नाही. शिष्य चिवट आहे, तो म्हणतो, फक्त दिसतं म्हणून? मग गुरू आणखी एक कारण सांगतो. पटावर जशी दोन राजांची लढाई जुंपते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची जुंपते, आणि बाकीचे पंचासारखे बसून बघतात. शेरीफ म्हणजे जिल्ह्याची वसुली करून आणणारा. त्याने इतके पैसे आणले असं तो म्हणणार, खजिनदार म्हणणार इतके यायला हवे होते, आणि मधे ते काळं कापड. ज्याने कुणी आयुष्यात एकदा तरी ऑडिटरसमोर फाइल उघडून बसायचा अनुभव घेतलाय त्याला ही उपमा समजावून सांगायची गरज नाही.

त्या एशेकिएचं इंग्रजीत झालं एक्सचेकर. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात, म्हणजे अगदी शब्दशः घेतलं तर बुद्धिबळाच्या पटाचा कारभारी. पैशाच्या जगातले शब्द असे फर्निचरमधूनच आलेत म्हणा, बँक म्हणजे मुळात सराफाचा बाक, काउंटर म्हणजे मोजायचं टेबल, आणि एक्सचेकर म्हणजे टेबलावरचं कापड. आणि शर्टावरचे चेक्सही या पटावरूनच आले. एशेकिएचं इंग्रजीत चेकर झालं, चौकटी-चौकटींचं ते चेकर्ड, आणि त्याचं आखूड रूप चेक.

दुसरीकडे खेळातला चेक पटावरून उठून सरळ व्यवहारात शिरला. शह मिळाला की काय होतं, मनात ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून आधी राजाला वाचवावं लागतं. म्हणजे आडकाठी. चेक म्हणजे अडवणं, रोखणं, लगाम घालणं. मग ज्याला रोखायचं त्याच्यावर नजर ठेवणं आलं. नजर ठेवायची तर बरोबर चाललंय ना ते ताडून बघणं आलं, आणि सतराव्या शतकापर्यंत चेक म्हणजे तपासणं हा अर्थ रुळला. राजाला दिलेल्या हाकेपासून 'गॅस बंद आहे का चेक कर'पर्यंतचा हा प्रवास टप्प्याटप्प्याने बघितला तर त्यात एकही उडी मोठी नाही, प्रत्येक पायरी शेजारच्या पायरीला लागून आहे, फक्त पहिल्या पायरीवरून शेवटची दिसत नाही इतकंच.

बँकेचा चेक या तपासणाऱ्या चेकचा मुलगा. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पैसे देण्याच्या चिठ्ठीचा जो भाग आपल्याकडे राहायचा, आज ज्याला आपण काउंटरफॉइल म्हणतो, त्याला आधी चेक म्हणत, कारण कुणी खोटी चिठ्ठी आणली किंवा आकडा खाडाखोड करून वाढवला तर तो या तुकड्याशी ताडून बघता यायचा. नाव तुकड्याचं होतं, ते हळूहळू फाडून दिलेल्या कागदाला चिकटलं. ब्रिटिशांनी नंतर त्याचं स्पेलिंग एक्सचेकरच्या थाटात केलं, अमेरिकनांनी ते साधंच ठेवलं.

इथे एक दुसरी व्युत्पत्ती सांगणारे नेहमी भेटतात, की चेक आला तो अरबी 'सक्क'वरून. सक्क होता, त्यात शंका नाही. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल सहाराच्या वाटेवरच्या व्यापाराबद्दल लिहिताना ४२,००० दिनारांच्या एका सक्काची गोष्ट सांगतो, म्हणजे लेखी हुंडीवर केवढे व्यवहार चालत होते बघा. पण म्हणून इंग्रजी चेकचं मूळ तिथे नेणं मला पटत नाही. काउंटरफॉइलपासून कागदापर्यंत अर्थ कसा सरकला ते इंग्रजीतच नीट दिसतं, आणि कोशकारांचा कौलही तिकडेच आहे. वस्तू जुनी असली म्हणून तिचं नावही तिकडूनच आलं पाहिजे असं नसतं. हे लिहिताना मला वाईट वाटतंय कारण सक्कची गोष्ट सांगायला फार छान आहे.

फ्रेंचांनी या शब्दाचं जे केलं ते मात्र थोडं निष्ठुर आहे. त्यांच्या आजच्या भाषेत अनेकवचनी एशेक म्हणजे बुद्धिबळ, आणि एकवचनी एशेक म्हणजे अपयश. शाळेतल्या नापासीलाही एशेकच म्हणतात. जर्मन पोलिस कुणावर पिस्तूल रोखून त्याला जागच्या जागी खिळवून ठेवतात तेव्हा ते त्याला 'शाखमध्ये धरतात'. ब्राझीलमध्ये शाद्रेस म्हणजे बुद्धिबळ, चौकड्यांचा शर्ट पण शाद्रेस, आणि बोलीभाषेत तुरुंगाची कोठडी सुद्धा शाद्रेस. गजांच्या चौकटी आठवल्या असतील कुणाला तरी. आणि हो, चेक प्रजासत्ताकाचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, तो चेक वेगळा, त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे ते.

मराठीत शाह आणखी एका वाटेने आला आणि तो तर आपल्याला दिसतच नाही. बादशाही, निजामशाही, आदिलशाही, इथपर्यंत ठीक, तिथे खरोखर शाह होते. पण मग आपल्याला त्या शेपटाची चटक लागली. हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही, ठोकशाही. आणि लोकशाही! जिथे राजा नसतो त्या व्यवस्थेला आपण जो शब्द वापरतो त्याच्या शेवटी शाह बसलाय, आणि आता कुणाला तो खटकतही नाही. शेजारी हिंदीने लोकतंत्र केलं, आपण शाह ठेवला. मला आपला शब्द जास्त आवडतो, लोक हेच शाह, असा अर्थ त्यातून निघतो, मुद्दाम काढला असेल-नसेल. आणि त्यात भर म्हणजे राज्यघटनांच्या चर्चेत ज्याला 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणतात, संसदेने सरकारला, न्यायालयाने संसदेला, राष्ट्राध्यक्षाच्या नकाराधिकाराने कायदेमंडळाला अडवायचं, त्यातला चेकही तोच. सत्ताधाऱ्याला शह देण्याची घटनेतच केलेली सोय. आपण राजकारणाला 'शह-काटशहाचं' म्हणून नाक मुरडतो, पण १७८७ मध्ये अमेरिकेची घटना लिहायला बसलेल्या मंडळींनी तर शह-काटशह घटनेतच लिहून ठेवले. काटशह हा शब्द तर काय, अस्सल मराठी कारागिरी आहे, शहाची काट. त्याच्या तोडीचा सुटसुटीत शब्द इंग्रजीत मला अजून भेटलेला नाही.

एवढं सगळं झालं आणि ज्या पटावरून हे सुरू झालं तिथे काय चाललंय? स्पर्धांमध्ये आज शह दिला तरी तोंडाने म्हणत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमात तसं म्हणायचं बंधन नाही, उलट मोठ्याने म्हटलं तर समोरच्याला त्रास दिल्यासारखं दिसतं. चाल लिहिताना पुढे अधिकचं चिन्ह काढायचं, संपलं. अ‍ॅपवर तर राजाचं घर लाल होतं. आणि खुद्द इराणात, जिथून ही हाक निघाली, तिथे घरी-दारी खेळणारे आता शाह म्हणत नाहीत, 'किश' म्हणतात, आणि डाव संपला की 'किश ओ मात'. फारसीत किश किश हा पाखरं, कोंबड्या हाकलायचा आवाज. राजा असला म्हणून काय झालं, हललं पाहिजे.